राण्या जाड दिसतात म्हणून

सासूबाईंचा संगणक बंद पडला त्या सकाळी मला कळलं, की इतकी वर्षं मी एक स्वतंत्र माणूस होतो.

नाश्ता झाला की सासूबाई मागच्या खोलीत जाऊन संगणकावर पत्त्यांचा डाव लावायच्या. एकट्याने खेळायचा तो डाव. राजावर राणी, राणीवर गुलाम, असं लावत लावत सगळे पत्ते मार्गी लावायचे. जेवायची वेळ होईपर्यंत त्या पत्त्यांना शिस्त लावत आणि बाकीचं घर बेशिस्तीत सुखाने नांदत असे. मग एके दिवशी त्या संगणकाने, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘डब्या’ने, थोडी करकर केली आणि मान टाकली. दुसऱ्या दिवसापासून शिस्त लावायला त्यांना मी सापडलो.

मी विमा कंपनीत नियम आणि अटी लिहितो. हे काम घरी बसून करता येतं आणि, कोणीच वाचत नसल्यामुळे, डोळे मिटूनही करता येतं. सासूबाईंना ते मिटलेले डोळे दिसले. चहा पिताना मी बशीकडे का बघत नाही, मोजे काढल्यावर ते एकमेकांपासून इतके लांब कसे पडतात, फोनवर ‘पाहतो’ म्हटल्यावर मी नक्की काय पाहतो, असे प्रश्न त्या विचारू लागल्या. प्रश्न रास्त होते, हीच अडचण होती.

मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून पाहिला. त्यांनी एक डाव लावला, चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

“राण्या जाड दिसतात,” त्या म्हणाल्या.

खरंच दिसत होत्या. जुना पडदा चौकोनी, नवा आडवा. त्यावर पत्ते ताणले जात होते. आकार बदलता येतो, हे मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की माणसाने राण्यांच्या अंगाला हात लावू नये, डबा दुरुस्त करावा.

एवढ्यात धाकटीचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा फोन आला. आईला आमच्याकडे पाठवा, आमच्याकडे संगणकच संगणक आहेत, हे रविवारी गाडी घेऊन येतील. ‘हे’ म्हणजे माझे साडू. सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि पिशवी भरायला घेतली. त्यांनी पिशवीत उशी घातली, तेव्हा मामला गंभीर आहे हे बायकोच्या लक्षात आलं. सासूबाईंना दुसऱ्या कुठल्याही उशीवर झोप येत नाही. दोन दिवसांसाठी कुठे गेल्या तर त्या उशी नेत नाहीत, जागतात. उशी चालली म्हणजे मुक्काम हलला.

बायको स्वयंपाकघरात आधीच पुसलेला ओटा पुसत होती.

“मला आई इथे हवी आहे,” ती म्हणाली. “पण तसं म्हटलं तर ती म्हणेल, मी काही कोणाला अडकवून ठेवत नाही, आणि आजच जाईल. तू डबा सुरू कर.”

जावयाला अशा बाबतीत मत नसतं. मी डबा सुरू करायला घेतला.

आधीची सिस्टीम पुन्हा घालावी, तर ती आता मिळत नव्हती. नवी घालावी, तर तिला लागणारी मेमरी या डब्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नव्हती. उरलं लिनक्स. ऑफिसातला एकजण लिनक्सबद्दल इतका बोलतो की लोक त्याच्यासोबत जेवायला बसत नाहीत. मी बसलो. त्याचे डोळे भरून आले. जुन्या यंत्रांसाठी हलकं लिनक्स असतं, फुकट असतं आणि त्यात पत्त्यांचा डाव आधीपासूनच असतो, हे त्याने मला भात निवेपर्यंत सांगितलं.

मी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन आलो. डब्याने पेनड्राइव्ह ओळखला नाही. त्याच्या लहानपणी पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची पद्धत नव्हती. मग डिस्क तयार केली. डिस्कचा कप्पा उघडेना. तो टाचणी खुपसली की उघडतो, हे सासूबाईंनी डोक्यातली पिन काढून दाखवलं. डिस्क फिरली आणि पडद्यावर एक वाक्य आलं. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही आणलेली वस्तू चौसष्ट बिटांची आहे, आम्ही बत्तीसचे, तेव्हा क्षमस्व. इतका सभ्य नकार मी आमच्या कंपनीच्या पत्रांतही लिहिलेला नाही. बत्तीसवाली डिस्क बनवली. ती फिरली, स्वागताचा पडदा आला, बायकोने माझा खांदा दाबला आणि पडदा काळा झाला. काळा म्हणजे पूर्ण काळा. आतून डिस्क फिरल्याचा आवाज मात्र येत होता, म्हणजे दार लावून आत कोणीतरी काम करत होतं.

हा पराक्रम करेपर्यंत रविवार उजाडला आणि जेवणाच्या आधी साडू हजर झाले.

साडूंबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की ते चांगले गृहस्थ आहेत, आणि हे मला कोणीतरी दर महिन्याला सांगतं. त्यांची गाडी किल्ली न लावता उघडते. किल्ली म्हणजे एक गुळगुळीत काळी चकती. ती ते हातात खेळवत बोलतात आणि महत्त्वाच्या मुद्द्यावर बटण दाबतात, मग खाली रस्त्यावर गाडी कुईं करून दुजोरा देते. आल्या आल्या त्यांनी सासूबाईंची पिशवी नेऊन डिकीत ठेवली, वर आले, खिडकीतून बटण दाबलं. कुईं. बायकोचा चेहरा उतरला. चहानंतर लगेच निघायचं, असं ठरलं.

मग साडूंना मागच्या खोलीतून करकर ऐकू आली. काय चाललंय, असं विचारत ते आत आले आणि त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी बाह्या सरसावल्या.

बिघडलेलं यंत्र दोन पुरुषांना दिसलं की त्यांचं वय, हुद्दा आणि आपसांतली तेढ एकदमच गळून पडते. आम्ही डबा पुढे ओढला. मागे धुळीचा एवढा थर होता की त्यावर नाव कोरता आलं असतं. तो झटकल्यावर शोध लागला: पडद्याची केबल लावायला मागे एक नाही, दोन खाचा होत्या. एक वर, मूळची. दुसरी खाली, कोणे एके काळी कोणीतरी जास्तीचं कार्ड बसवलं होतं, त्याची. केबल होती वरच्या खाचेत. लिनक्स सुरू होताना त्याला खालचं कार्ड जास्त बरं वाटत होतं, म्हणून ते चित्र तिकडे पाठवत होतं. तिकडे कोणीच नव्हतं. आठवडाभर बिचारं रिकाम्या खोलीत भाषण करत होतं.

इथवर आमचं एकमत होतं. घोळ पुढे झाला. मी पुढे बसून डब्याच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि खालचं कार्ड बंद केलं, म्हणजे चित्र वर येईल. साडू त्याच वेळी मागे टेबलाखाली शिरले आणि केबल काढून खाली लावली. दोघेही आपापलं काम चोख करून एकाच वेळी ‘झालं’ म्हणालो. पडदा काळा. मग मी विचार केला, चुकलंच माझं, आणि सेटिंग पूर्ववत केलं. साडूंनी विचार केला, चुकलंच आपलं, आणि केबल पूर्ववत केली. पडदा काळा. बोळातून समोरासमोर आलेली दोन माणसं एकदम उजवीकडे, मग एकदम डावीकडे सरकतात, तसं आमचं आणि त्या चित्राचं बराच वेळ चाललं. शेवटी बायकोने दोघांनाही हात वर करायला लावले आणि, कोण काय करतंय ते मोठ्याने बोलत, एकेकाने करा, असा हुकूम सोडला. केबल वर. सेटिंगही वर. साडू टेबलाखालून म्हणाले, “भाऊ, आता दिसतंय का काही?”

दिसत होतं. निळसर पडदा, मधोमध एक गोंडस पक्षी, आणि ‘इन्स्टॉल’ असं लिहिलेलं बटण. साडू इतक्या जोरात उठले की टेबलाला डोकं आपटलं आणि तसेच हसत बसले. आम्ही दोघांनी हात मिळवले. लग्नात मिळवले होते त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

बटण दाबलं, आत सामान भरलं जाऊ लागलं, आणि आम्ही विजयी मुद्रेने जेवायला गेलो. साडूंनी फोन चार्जिंगला लावला. जेवताना त्यांनी केबलची गोष्ट मला सांगितली, मी सेटिंगची त्यांना सांगितली. जणू दुसरा तिथे नव्हताच. सासूबाई आमच्या आधी जेवून उठल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे घरातून एक फेरी मारून आल्या.

परत येऊन पाहतो तो डबा बंद. सुरू केला तर पडदा पुन्हा काळा.

आता मात्र खोलीत विद्वत्सभा भरली. साडूंचं मत, उष्णता. माझं मत, वीज कमी-जास्त होते. बायको म्हणाली, आपण होतो तेव्हा चालत होता, आपण गेलो आणि हा रुसला. आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि सगळं पहिल्यापासून केलं: खालचं कार्ड बंद, डिस्क आत, पक्षी आला, बटण दाबलं. अर्धं सामान भरेपर्यंत आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो. मग बायकोने कलिंगड कापलं म्हणून हाक मारली, आम्ही फक्त फोड घेऊन यायला गेलो, आणि परत येतो तो डबा बंद, पडदा काळा.

साडू खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊ, याला आपला वास येतो.”

मी पुन्हा सेटिंगमध्ये शिरलो तेव्हा कोपऱ्यातली तारीख पाहिली. डब्याच्या मते आज एक जानेवारी होती, तीही त्या वर्षाची, ज्या वर्षी तो कारखान्यात तयार झाला. मगाशीही तीच होती. दरवेळी त्याला वाटत होतं, आपण नुकतेच जन्मलो आहोत. म्हणजे आम्ही शिकवलेलं खालचं-वरचं तो साफ विसरत होता. डब्याच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. भिंतीतली वीज गेली तरी ती तारीख आणि सेटिंग धरून ठेवते. ती केव्हाच मेली होती. पण मग भिंतीतली वीज जात कशी होती? दिवे तर चालू होते. वायर कुठे सैल आहे ते बघायला आम्ही तिघंही टेबलाखाली शिरलो.

ह्याचं उत्तर त्याच क्षणी दारातून आत आलं. सासूबाई शांतपणे आल्या, आमच्याकडे न बघता भिंतीपाशी वाकल्या, डब्याचा प्लग ओढून काढला, वायर नीट गुंडाळून खुंटीला अडकवली आणि तशाच शांतपणे बाहेर गेल्या.

सांगायचं राहिलं. सासूबाईंना भिंतीत खुपसलेला प्लग बघवत नाही. खोलीत कोणी नसेल तर त्या प्लग काढतात. त्यांच्या मते तो उगाच वीज पीत बसतो. मिक्सरचा काढतात, दिव्याचा काढतात. माझा फोन या घरात कधी पूर्ण भरलेला नाही. काही सुरू करायचं तर खुंटीवरची वायर काढून आधी प्लग लावायचा, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं आहे की मगाशी दोन्ही वेळा मी तो न कळतच लावला होता. आता आम्ही तिघंही खोलीत होतो, पण तिघंही टेबलाखाली, त्यामुळे कोणी नाही असा त्यांचा समज झाला.

बायको टेबलाखालीच खाली बसली आणि हसायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने ओढणी तोंडात धरली. मग साडूंना हसू फुटलं, मग मला. धूळ नाकात जाऊन शिंका, शिंकांमुळे पुन्हा हसू. एका विमा कंपनीचा अधिकारी, एक गाडीवाला आणि एका घरची थोरली लेक टेबलाखाली एकमेकांना धरून गदगदा हलत होती आणि वर डबा मख्ख उभा होता.

हसू ओसरल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आईला सांगायचं कोणी?

“सांगायचंच नाही,” बायको डोळे पुसत म्हणाली. “आपल्यामुळे बिघडला असं तिला कळलं, तर ती चहालाही थांबायची नाही.”

तेवढ्याशा जागेत ठराव मंजूर झाला. सासूबाईंना बदलण्यापेक्षा बॅटरी बदलणं सोपं. बॅटरी असली की त्यांनी खुशाल दिवसातून दहा वेळा प्लग काढावा, डब्याला सगळं आठवत राहील. पण कोपऱ्यावरचं घड्याळाचं दुकान रविवारी बंद. वजनकाट्यात तसली बॅटरी असते, हे बायकोला आठवलं आणि तो वजनकाटा तिने काही कारणाने मागच्याच महिन्यात टाकून दिला, हेही आठवलं. कारण कोणी विचारलं नाही.

साडू मेलेली बॅटरी बोटांत धरून तिच्यावरचा नंबर वाचत होते. मग त्यांनी खिशात हात घातला. ती गुळगुळीत काळी चकती बाहेर काढली, नखाने फट शोधली आणि कट्‌ करून तिचे दोन भाग केले. आत, चमचमीत, तोच नंबर.

“हीच,” ते म्हणाले. अंगठी सापडल्यासारखे.

विचार करायला तेव्हा कोणालाच सवड नव्हती. बॅटरी डब्यात गेली. तारीख आजची केली, खालचं कार्ड बंद केलं, डिस्क फिरली, पक्षी आला. या खेपेला बायको भिंतीतल्या प्लगला पाठ लावून स्टुलावर बसली. सासूबाई दोनदा दारात येऊन गेल्या. पहिल्यांदा ती म्हणाली, पाठ दुखतेय, भिंत बरी वाटते. दुसऱ्यांदा काही सुचेना, तर तिने आईला विचारलं, मी लहान असताना तू मला भाकऱ्या कशा शिकवल्या होत्यास. सासूबाई म्हणाल्या, तुला अजून येत नाहीत, आणि गेल्या. सामान भरून झालं. पडद्यावर ‘अभिनंदन’ आलं. आम्ही ओरडलो नाही. नुसतेच जागच्या जागी, टाचा न टेकवता उड्या मारल्या.

आता कसोटी. आम्ही दिवा मालवला, खोलीबाहेर आलो, दिवाणखान्यात ओळीने बसलो आणि हवापाण्यावर बोलू लागलो. सासूबाईंनी आमच्याकडे संशयाने पाहिलं, कारण आम्ही तिघंही एकमेकांना दुजोरा देत होतो. मग त्या उठल्या. पावलं मागच्या खोलीकडे गेली. खट्‌. वायर गुंडाळल्याचा आवाज. पावलं परत आली. साडूंनी माझा गुडघा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही वळ होता.

बायकोने सहज आठवल्यासारखं म्हटलं, “आई, एकदा डबा लावून बघतेस का? निघायच्या आधी.”

सासूबाईंनी स्वतः प्लग लावला, बटण दाबलं. डब्याने करकर केली, क्षणभर विचार केला. पक्षी आला. कोपऱ्यात आजची तारीख. मी पत्त्यांचा डाव उघडून दिला आणि बाजूला झालो. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. बदामची राणी उचलली, इस्पिकच्या राजावर ठेवली आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

“बारीक झाली,” त्या म्हणाल्या. “पण तब्येत बरी आहे.”

चहा झाला. दुसऱ्यांदाही झाला. सासूबाईंचा डाव सुटला, त्यांनी दुसरा लावला. साडू त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि आपलं कौतुक होण्याची वाट पाहत होते. ऊन उतरायला लागलं तसे ते नाइलाजाने उठले, निघायला हवं म्हणाले, खिडकीशी गेले आणि सवयीने बटण दाबलं.

खाली गाडी गप्प.

पुन्हा दाबलं. गप्प. त्यांनी हातातल्या पोकळ चकतीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. गाडी उघडत नव्हती, पिशवी डिकीत होती, उशी पिशवीत होती. आणीबाणीसाठी चकतीत आणखी काहीतरी असतं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असावं. पण पुस्तक गाडीत. घरी फोन करून दुसरी किल्ली मागवावी म्हणून त्यांनी चार्जिंगचा फोन उचलला. तो मेला होता. प्लग खुंटीला गुंडाळून ठेवलेला होता.

साडू फार हळू बोलले, “आई, ती बॅटरी मी फक्त थोडा वेळ… गाडी उघडण्यापुरती काढू का?”

बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. ती ओढणीच्या टोकाने दाराची स्वच्छ चौकट पुसू लागली.

सासूबाईंनी पत्ता हवेतच धरून ठेवला.

“काढली तर डबा विसरेल ना पुन्हा? वर-खाली, सगळं?”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर-खाली हा शब्द आम्ही त्यांच्यासमोर कुठेच वापरला नव्हता. वापरला होता तो फक्त टेबलाखाली.

“विसरेल,” मी म्हणालो.

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या आणि किलवरची नव्वी चौकटच्या दश्शीवर ठेवली. “पिशवी काही पळून जात नाही. तुम्ही पायी जा, नाहीतर बसने जा, नाहीतर बसा इथेच, त्या कोपऱ्यातला गुलाम कुठे जाईल ते मला सांगा. आणि थोरले, तुझी उशी मला दे. तू लहानपणापासून कुठेही झोपतेस.”

बायको उशी आणायला गेली. तिला उशी आणायला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा नाक लाल होतं आणि उशीला नवा अभ्रा होता.

साडू बसने गेले नाहीत. आधी ते उभ्या उभ्याच गुलाम शोधत होते, मग खुर्चीच्या टोकावर बसले, मग नीट बसले. दुसऱ्या दिवशी धाकटी दुसरी किल्ली घेऊन आली तेव्हा साडू आणि सासूबाई कुठला राजा आधी हलवायला हवा होता यावरून भांडत होते, आणि त्यांना न्यायला आली आहे हे तिला दोनदा सांगावं लागलं. त्यांना म्हणजे साडूंना. सासूबाईंच्या जाण्याचा विषय कोणी काढला नाही.

पिशवी वर आली, उशी पलंगावर गेली. मी डोळे मिटून नियम आणि अटी लिहायला बसलो. मागच्या खोलीतून राण्यांची टकटक येत होती. थोड्या वेळाने ती थांबली, पावलं माझ्या टेबलापर्यंत आली, आणि सासूबाईंनी माझा लॅपटॉप बंद केला. डोळे मिटलेले पाहून इथे कोणी नाही, असा त्यांचा समज झाला असावा.